पितळेचे पातेले आणि ज्वारीची भाकरी

यकृताचे आरोग्य म्हटले की आज सोनोग्राफीच्या अहवालातली ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ ही ओळ आठवते आणि तिच्यामागोमाग ठरलेला उपदेश येतो : तळलेले सोडा, गोड कमी करा, रोज चालायला जा. उपदेशात चूक काही नाही. पण तो ऐकून किती जणांच्या सवयी बदलतात, हे तो देणारे डॉक्टरही जाणतात. आणि आपण सहसा विसरतो ती गोष्ट अशी, की खाण्यापिण्याच्या सवयीतून उद्भवणारा यकृताचा एक जीवघेणा आजार महाराष्ट्राने याआधी पाहिला आहे आणि जवळजवळ संपवलाही आहे. ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ हे त्याचे वैद्यकीय नाव. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुले त्याला बळी पडत. पोट फुगे, यकृत दगडासारखे घट्ट लागे, कावीळ होई, पोटात पाणी साठे आणि पुढे काही महिन्यांत मूल दगावे. एकाच घरात दोन-तीन मुले अशी गेल्याच्या नोंदी आहेत. हा आजार कसा आला आणि कसा गेला, हे नीट पाहिले तर सवयी कशाने बदलतात याचा अंदाज येतो. माझे म्हणणे असे, की यकृत सुधारते ते स्वयंपाकघरातली भांडी, बाजारातले धान्य आणि गावातली मोकळी जागा बदलली की. माणसाच्या निश्चयाचा वाटा त्यात असतो, पण तो सांगितला जातो त्यापेक्षा बराच लहान.

वैद्यकाच्या लिखित नोंदीत हा आजार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून येतो. पुढची जवळजवळ शंभर वर्षे त्याच्या कारणांचे तर्क चालू राहिले. कोणी विषाणू म्हणाले, कोणी आनुवंशिकता, कोणी बुरशी लागलेल्या धान्यातले विष. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात येत होती. हा आजार अगदी गरिबांच्या झोपडीत कमी दिसे आणि खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या मध्यमवर्गीय हिंदू घरांत जास्त. आजार आणि गरिबी यांची जोडी गृहीत धरणाऱ्या विचाराला हे कोडेच होते. त्याचे उत्तर दडले होते चुलीवर.

पितळेचे भांडे ही बऱ्या परिस्थितीची खूण होती. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी ठोकली जात होती. पितळेसाठी भंडारा आणि नाशिक यांची नावे घरोघरी माहीत होती. मुलीच्या लग्नात घागर, तपेली, पातेली, परात दिली जात आणि त्यांवर नावही घातले जाई. धातूचे गुणदोष या परंपरेला ठाऊक नव्हते असे नाही. ताक, चिंच, कोकम अशी आंबट वस्तू उघड्या पितळेत ठेवली तर ती कळकते, हे घरातल्या बाईला पक्के माहीत असे. म्हणून तर कल्हईवाला दारोदार फिरे. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथिलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचा, की पितळ आणि अन्न यांच्यात पडदा तयार होई. पण दूध आंबट नसते, कळकत नाही आणि चवही बदलत नाही. त्यामुळे दुधाचे पातेले कल्हईवाचून राहिले तरी कोणाला त्यात वावगे वाटत नसे. परंपरेचे शहाणपण जिभेला कळेल तिथवर पोहोचले होते, जिभेला न कळणाऱ्या धोक्यापर्यंत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित आणि शीला भावे यांनी इंग्लंडमधल्या एम. एस. टॅनर यांच्यासह या आजाराचा माग काढला. आजारी मुलांच्या यकृतात तांबे किती आहे, ते आधी मोजले गेले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे साधारण पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असते, या मुलांत ते शेकड्यांत आणि अनेकदा हजारांत निघाले. हे संशोधन 1979 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. मग प्रश्न उरला, तांबे आले कुठून? 1983 साली त्याच नियतकालिकात पुण्याच्या या गटाने आपले अनुमान मांडले. आजारी मुलांना निरोगी मुलांपेक्षा लवकर वरचे दूध सुरू झालेले होते, आणि ते गाईचे किंवा म्हशीचे दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले असे. दुधातले केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. तान्ह्या मुलाचे सगळे पोषण दुधावर, आणि पित्तावाटे तांबे बाहेर टाकण्याची त्याची शक्ती अजून कच्ची. घरातला मोठा माणूस त्याच पातेल्यातले दूध चहात घाले आणि ठणठणीत राही. (तांब्याच्या बाटलीतले पाणी प्यावे की नाही, या आजच्या हौशी वादाला या जुन्या संशोधनाने उत्तर मिळत नाही. ते तान्ह्या मुलाच्या दुधाबद्दल होते, मोठ्या माणसाच्या पाण्याबद्दल नाही.)

या अनुमानावर आक्षेप घेतले गेले आणि ते घ्यायलाच हवे होते. पितळेत दूध तापवणारी घरे लाखो होती, मग आजार मोजक्याच मुलांना का? भावंडांत तो वारंवार दिसतो, तर मूळ रक्तातच नसेल कशावरून? या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर मिळाले ते भारताबाहेरून. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच सिरोसिसने दगावल्याचे 1996 साली प्रसिद्ध झाले. तिथेही दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवले जाई, आणि तिथेही वंशावळी तपासल्यावर आनुवंशिक दोषाची खूण दिसली. ती भांडी वापरातून गेली तसा आजारही गेला. टिरोलच्या लोकांचे रक्त त्या काळात बदलले नव्हते. काही घराण्यांत यकृताची ठेवण नाजूक असेलही, पण तिला जीवघेणे वळण भांड्याने दिले. हा भेद पुढे फॅटी लिव्हरच्या विचारातही उपयोगी पडतो, कारण तिथेही ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे वाक्य बचावासाठी वापरले जाते.

भारतात भांडे बदलले कोणी? डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली होती. आजारी मूल असलेल्या घरांना सांगितले जाई : पुढच्या बाळाला अंगावर पाजा, वरचे दूध द्यावेच लागले तर पितळेत तापवू नका. पेनिसिलामाइन या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने, ते वेळेत मिळाले तर, काही मुले वाचूही लागली. पण आजार देशभर ओसरला त्याचे मोठे श्रेय स्टेनलेस स्टीलला द्यावे लागते. बोहारीण जुनी लुगडी आणि पँटी घेऊन त्या बदल्यात स्टीलचे डबे आणि पातेली देत होती. स्टीलला कल्हई लागत नव्हती, ते चिंचेने घासावे लागत नव्हते, आणि दिसायला चकचकीत होते. पितळ मोडीत गेले किंवा माळ्यावर चढले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा आजार बालरोग विभागांतून इतका दिसेनासा झाला, की नव्या डॉक्टरांना तो पुस्तकातूनच कळू लागला. बोहारणीला आपण सार्वजनिक आरोग्याचे काम करतो आहोत याची कल्पना नव्हती, आणि ज्या कल्हईवाल्याचा धंदा बुडाला त्याला आपण इतकी वर्षे कशापासून वाचवत होतो, तेही कोणी सांगितले नसावे.

मग डॉक्टरांचा सल्ला फुकट गेला का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण हाती आले नसते तर स्टील आल्यावरही पितळेच्या दुधाचा आग्रह ‘पौष्टिक’ म्हणून कुठे तरी टिकला असता, आणि ज्या घरात एक मूल गेले होते तिथे दुसरे वाचवण्याची घाई बाजार करत नसतो. पण त्या सल्ल्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. त्याने बाईला तिची सगळी राहणी बदलायला सांगितले नाही. एक भांडे बदल, एवढेच सांगितले, आणि बदली भांडे परवडण्याजोग्या दरात कोपऱ्यावर मिळत होते. सल्ला आणि साधन एकाच वेळी दारात आले. हे जिथे जमते तिथे सवय झटकन बदलते. फॅटी लिव्हरबाबत आपल्याकडे सल्ला भरपूर आहे, पण साधने गेल्या साठ-सत्तर वर्षांत नेमकी उलट्या दिशेने सरकत गेली आहेत.

दारू न पिणाऱ्याच्या यकृतात चरबी साठते ती मुख्यतः येणाऱ्या आणि खर्च होणाऱ्या ऊर्जेचा हिशेब बिघडल्याने. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज सगळे शरीर वापरते, फ्रुक्टोजचा निकाल बहुतांशी यकृतालाच लावावा लागतो, आणि जास्त झालेल्या फ्रुक्टोजची तिथे चरबी होते. इन्सुलिनला दाद न देणारे शरीर त्यात भर घालते. आता महाराष्ट्राच्या ताटाकडे पाहा. दख्खनच्या पठारावरचे रोजचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा पिठले, पालेभाजी, ठेचा. तेल करडई, शेंगदाणा, जवस यांचे, घाण्यावरून आणलेले आणि पळीपळीने मोजून वापरलेले. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या काळात ऊस हे राजकारणाचेही पीक झाले. साखर मुबलक झाली, चहा आधीच घरोघरी पोहोचलेला होता, आणि पाहुण्याला चहा विचारणे हा शिष्टाचार झाला. (गूळ म्हणजे आरोग्य, हा समज इथेच बाजूला ठेवावा. गुळातही मोठा भाग साखरेचाच असतो, यकृताला दोहोंत फारसा फरक पडत नाही.) 1960 च्या दशकात अमेरिकेच्या पीएल-480 करारातला गहू रेशनवर आला. हरितक्रांतीने गहू-तांदळाला हमीभाव आणि सरकारी खरेदी मिळवून दिली. ज्वारी मात्र शेतकऱ्याच्या घरापुरती आणि गुरांच्या कडब्यापुरती उरत गेली. 1990 च्या दशकात आयात खुली झाल्यावर पामतेल मुबलक झाले, आणि तळणे ही सणासुदीची गोष्ट राहिली नाही.

यातून भाकरी हे औषध आणि चपाती हे विष, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो मला मान्य नाही. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या चपातीत यकृताला घातक असे काही नाही. भाकरीचे महत्त्व तिच्या भोवतीच्या ताटात होते. ती भरपूर चावावी लागे, लवकर पोट भरे, तिच्यासोबत डाळ आणि पाला येई, आणि ती तळली जात नसे. आजच्या शहरात ज्वारीचे पीठ गव्हाच्या पिठापेक्षा महाग मिळते, लवकर कडवट होते, आणि थापायला हात लागतो. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले तेव्हा ज्वारी मॉलच्या फळीवर सुंदर पाकिटात चढली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा शेतकरी आणि रेशनच्या रांगेतली बाई, दोघेही त्या फळीपासून दूरच राहिले.

व्यायामाची गोष्टही अशीच आहे. इथे व्यायाम ही एकट्याने करायची शिक्षा नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, तेव्हापासून तालीम ही पेठेतली संस्था म्हणून वाढली. पुण्यातल्या पेठांत आणि कोल्हापुरातल्या वेशींवर तालमीच्या नावाने अख्खी वस्ती ओळखली जाई. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले. अमरावतीत 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, ज्याच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले. या सगळ्यांत समान सूत्र एकच : जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि न आलेल्याची चौकशी करणारे लोक. रोज सकाळी एकट्याने चालायला निघण्यासाठी जो निश्चय लागतो, त्याचे ओझे तालीम स्वतःच्या अंगावर घेई.

अर्थात तालमीचे गोडवे गाताना दोन गोष्टी झाकून चालणार नाही. तिथे बायकांना जागा नव्हती, आणि जातीचे दरवाजेही अनेक ठिकाणी बंद होते. दुसरी गोष्ट खुराकाची. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण यांचा खुराक रोज हजारो बैठका काढणाऱ्याला पचतो. कुस्ती सुटल्यावर खुराक तसाच राहिला तर तेच शरीर सुटते, आणि निवृत्त पैलवानाचे पोट हा गावातल्या थट्टेचा विषय होतो. आहार आणि मेहनत यांचा हिशेब जोडीने असावा लागतो, हे तालमीला माहीत होते, पण मेहनत थांबल्यावरचा हिशेब तिने कधी मांडला नाही. आज आपला सगळा समाजच कुस्ती सोडलेल्या पैलवानासारखा जेवतो आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा : जुन्या राहणीचे हे गुणगान म्हणजे उपासमारीला आरोग्य म्हणणे नव्हे काय? पहाटे जात्यावर दळणाऱ्या, विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या बाईचे यकृत चरबीमुक्त असेल, पण पिठाची गिरणी आल्यावर तिने सुटकेचा श्वास टाकला, तो खोटा होता काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याला पुरावाही पुण्याजवळचाच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने केईएम रुग्णालयाने 1993 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे वजनाला कमी, सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास. पण इंग्लंडच्या बाळांशी तुलना केली तेव्हा त्यांचे स्नायू आणि अवयव लहान निघाले, आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश आणि आतून चरबीदार, असे हे शरीर जन्मापासूनच. ज्या गर्भवतींना हिरवा पाला, फळे आणि दूध नियमित मिळे त्यांची बाळे चांगल्या वजनाची होती, आणि ज्यांना शेतात व घरात अतोनात राबावे लागे त्यांची लहान. म्हणजे जुन्या कष्टाळू राहणीनेच पुढच्या पिढीच्या चयापचयाची जागा अरुंद करून ठेवली. याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि इंग्रज सहकारी यूडकिन यांची तुलना छापली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, 22.3, पण शरीरातली चरबी यूडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाच्या अहवालात फॅटी लिव्हर का निघते, याचा धागा इथे सापडतो.

हा पुरावा मूळ मुद्द्याला खोडत नाही, उलट अधिक काटेकोर करतो. परत जायचे आहे असे कोणते सुवर्णयुग नाही. जाते परत आणायचे नाही, पितळेचे पातेलेही नाही. जुन्या व्यवस्थेतले जे चांगले होते ते विभागून घ्यायचे : भाकरी आणि पाला घ्यायचा, त्यामागची उपासमार नाही. तालमीची सोबत घ्यायची, तिचे बंद दरवाजे नाहीत. आणि तरुण मुलीच्या पोटात जाणारे अन्न हा तिच्या नातवंडांच्याही यकृताचा प्रश्न आहे, हे धोरण म्हणून मान्य करायचे.

शेवटी निश्चयवाद्यांचा आक्षेप उरतो. वजन सात ते दहा टक्के घटवले तर यकृताची सूजसुद्धा उतरते, आठवड्याला दीडशे मिनिटे घाम काढला तर वजन फारसे न उतरताही यकृतातली चरबी कमी होते. हे सिद्ध झालेले असताना व्यवस्थेकडे बोट कशाला दाखवायचे? ज्याला हवे तो करतोच की. करतो, आणि ज्याच्याकडे वेळ, जवळची बाग आणि भाजीला पैसे आहेत तो जास्त करतो. औषधाच्या मात्रेइतका नेमका उपाय माहीत असूनही तो घेणारे थोडे असतील, तर दोष फक्त रुग्णाच्या स्वभावात शोधणे हे पितळेच्या काळात आईला दोष देण्यासारखेच आहे. तेव्हाही आईने मुलाला चांगले म्हणूनच दूध पाजले होते.

2021 मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्यानुसार गावातली आशाताई तिशी ओलांडलेल्यांची कंबर मोजते, बसून काम करता की चालता हे विचारते, आणि गोड-तेलकट कमी करा असे सांगते. त्याआधी, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद झालेली होती. आशाताई एका विभागाची, रेशनचे दुकान दुसऱ्या विभागाचे आणि शाळेचे मैदान संध्याकाळी उघडे ठेवायचे की कुलूप लावायचे, हे ठरवणारा विभाग तिसराच.